पायल कपाडियाला मिळालेला तो 'अमेरिकेचा राष्ट्रीय पुरस्कार' म्हणजे नक्की काय भानगड आहे?

मधली_सुट्टी | ५ जानेवारी २०२५, सकाळी ९.१०

सकाळी उठून फोन हातात घेतला तर चार ग्रुपवर एकच फॉरवर्ड, की सिनेमा दिग्दर्शिका पायल कपाडियाला अमेरिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय म्हटल्यावर आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरच्या काकांनी थेट व्हाइट हाउस गाठलं, प्रेसिडेंटच्या हस्ते देणार का म्हणून विचारत होते. मग मी जरा खोदून बघितलं. तर सरकारचा काही संबंध नाही. नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स नावाची तिकडच्या समीक्षकांची संघटना आहे, त्यांची वर्षातून एकदा बैठक होते आणि मतं टाकून ठरवतात. यंदा बेस्ट डायरेक्टर पायल, इंग्रजी सोडून इतर भाषांमधला बेस्ट सिनेमा तिचाच 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट', आणि एकूणात बेस्ट फिल्म 'निकेल बॉइज'.

मला प्रश्न असा पडलाय की याला भाव किती द्यायचा? बेस्ट डायरेक्टर म्हणजे फॉरेनवाल्या कप्प्यात नाही तर मेन कॅटेगरीत, हे मला फार मोठं वाटतंय. पण आपल्याकडे दर आठवड्याला कुठलं ना कुठलं अवॉर्ड असतं आणि सगळेच राष्ट्रीय नाहीतर आंतरराष्ट्रीय असतात, त्यामुळे विश्वास बसेना. इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढला.

रिकामटेकडा | ५ जानेवारी, ९.३२

भाव शून्य. ऑस्कर द्या मग बोला. समीक्षक म्हणजे दहा लोकांनी न बघितलेला सिनेमा अकरावा होऊन बघणारे.

मधली_सुट्टी | ५ जानेवारी, ९.४०

आले हे! चहा तरी झालाय का तुमचा?

जुना_प्रोजेक्टर | ५ जानेवारी, ११.०५

धागालेखिकाबाई, विषय चांगला काढलात. थोडं लांबण लागेल, पण त्या संघटनेचा जन्मच मुळात भांडणातून झालाय, त्यामुळे ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

न्यूयॉर्कमध्ये समीक्षकांचं एक मंडळ आधीपासून होतं, १९३५ पासूनचं, न्यूयॉर्क फिल्म क्रिटिक्स सर्कल. त्यात मक्तेदारी दैनिकांच्या समीक्षकांची. आणि दैनिकांमध्ये दरारा कुणाचा, तर न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदर यांचा. हे गृहस्थ १९४० पासून त्या खुर्चीत बसलेले. त्यांनी चांगलं म्हटलं की परदेशी सिनेमा न्यूयॉर्कात चालायचा, वाईट म्हटलं की आठवड्यात गाशा गुंडाळायचा. साप्ताहिकं-मासिकांमध्ये लिहिणाऱ्यांना त्या मंडळात घेत नसत. आता गंमत बघा, साठच्या दशकात सिनेमावर खरं चुरचुरीत लिहिणारे नेमके मासिकांमध्येच होते. पॉलिन केल, न्यूजवीकचा जो मॉर्गनस्टर्न, लाइफचा रिचर्ड शिकेल, सॅटर्डे रिव्ह्यूचा हॉलिस आल्पर्ट. मग १९६६ साली ही मंडळी आल्पर्टच्या न्यूयॉर्कमधल्या घरी जमली आणि म्हणाली तुम्ही घेत नाही ना, मग आम्ही आमचं वेगळं बिऱ्हाड करतो. झाली नॅशनल सोसायटी. तेव्हा 'नॅशनल' याचा अर्थ एवढाच, की आमची मासिकं देशभर जातात, तुमच्यासारखी एका शहरापुरती नाहीत. थोडक्यात टोमणा आहे तो, नावातच.

पहिल्याच वर्षी बेस्ट फिल्म दिली अँटोनिओनीच्या 'ब्लो-अप'ला, बेस्ट डायरेक्टरही तोच. दुसऱ्या वर्षी बर्गमनचा 'पर्सोना'. १९६७ ते १९७४ या आठ वर्षांतली बेस्ट फिल्मची यादी काढा, आठातले सात सिनेमे इंग्रजी नाहीत. बर्गमन तीनदा, शिवाय कोस्टा-गाव्रास, रोमेर, बुन्युएल, त्रुफो. मध्ये एकदा फक्त १९७० ला 'मॅश'. अमेरिकेत बसून अमेरिकन लोकांनी हे केलं, हॉलिवूड दाराशी असताना.

आणि १९६७ ची आणखी एक गोष्ट. 'बॉनी अँड क्लाइड' आला तेव्हा क्राउदरनी तो धुतला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा धुतला. मॉर्गनस्टर्ननेही आधी न्यूजवीकमध्ये वाईट लिहिलं, मग परत जाऊन बघितला आणि पुढच्याच अंकात छापून टाकलं की मागच्या आठवड्यात मी चुकलो. असं कबूल करायला छाती लागते. केलबाईंनी त्यावर प्रचंड लांब लेख लिहिला, तो न्यूयॉर्करमध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्या न्यूयॉर्करच्याच झाल्या. क्राउदर १९६७ संपता संपता त्या खुर्चीतून गेले. आणि सोसायटीने त्या वर्षी पटकथेचं बक्षीस कुणाला दिलं असेल? बॉनी अँड क्लाइडच्याच लेखकजोडीला. सहायक अभिनेता पण त्यातलाच, जीन हॅकमन.

हात दुखायला लागले. बाकीचं नंतर.

हडपसरची_हिरकणी | ५ जानेवारी, ११.२२

काका मस्त!! लाइक करायला बटण नाही म्हणून +१००

अधांतरी | ५ जानेवारी, १२.१५

प्रोजेक्टरकाका, पण नंतर त्यांच्यातही गटबाजी झालीच ना? केल आणि दुसरे समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांचं वैर तर जगजाहीर. सॅरिसने दिग्दर्शक हाच सिनेमाचा कर्ता ही थिअरी अमेरिकेत आणली आणि केलने १९६३ मध्ये तिच्या चिंध्या केल्या, ते सगळं सोसायटी व्हायच्या आधीचं. आणि पुढे केलच्या मागे मागे जाणाऱ्या तरुण समीक्षकांना लोक 'पॉलेट्स' म्हणायचे, बाई म्हणतील तिकडे यांची मतं असा आरोप होता. मग मंडळ बदललं काय आणि नाही बदललं काय, एका क्राउदरच्या जागी दुसरी क्राउदर.

जुना_प्रोजेक्टर | ५ जानेवारी, १२.४०

आरोप होता हे खरं. चार समीक्षक एका खोलीत बसले की पाच गट होतात, त्याला इलाज नाही. पण म्हणूनच मला त्यांची मतदानाची पद्धत जास्त इंटरेस्टिंग वाटते. त्यावर इथले आपले गणिती बोलतील तर बरं, मला फक्त तीन-दोन-एक एवढंच माहीत.

कोकणकन्या | ५ जानेवारी, दुपारी २.०८

मला त्या सोसायटीचं काही माहीत नाही पण सिनेमा बघितलाय, नोव्हेंबरमध्ये लागला तेव्हाच, थेटरात मोजून नऊ जण होतो. प्रभा आणि अनु या मल्याळी नर्सेस सगळ्यांनी डोक्यावर घेतल्यात, घ्यायलाच पाहिजेत, पण मला आमची पार्वती घरापर्यंत सोबत आली. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी बाई, नवरा गेलेला, मुंबईत इतकी वर्षं काढली आणि घर बिल्डरच्या घशात जायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या नावाचा एक कागद नाही. मुंबईत राहिल्याचा पुरावा काय, तर काही नाही. माझ्या मोठ्या आत्याची लालबागची खोली अशीच गेली, तिचं रेशनकार्ड सुद्धा दिराच्या नावावर होतं. छाया कदम त्या सीनमध्ये रडत नाही काही नाही, कंटाळल्यासारखी बोलते, आणि तेच खरं आहे, माणूस कंटाळतोच. मग ती उठून रत्नागिरीला गावी निघून जाते आणि शेवटचा भाग सगळा तिकडे.

आणि तो कुकर! जर्मनीवरून आलेला लाल राइस कुकर, पाठवणाऱ्याचं नाव नाही, नवऱ्याने पाठवला असेल असा नुसता अंदाज, आणि रात्री प्रभा जमिनीवर बसून त्याला मांड्यांमध्ये धरून मिठी मारते. एवढ्या एका सीनसाठी डायरेक्टरला बक्षीस दिलं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

रिकामटेकडा | ५ जानेवारी, २.३०

नऊ जण होतात थेटरात, ही माझ्या बाजूची साक्ष झाली ताई. धन्यवाद.

कोकणकन्या | ५ जानेवारी, २.३३

नऊ जणांपैकी एक पण मध्ये उठला नाही, हे पण लिहून घ्या वकीलसाहेब.

गणिती | ५ जानेवारी, संध्याकाळी ६.५०

काकांनी बोलावलं म्हणून आलो.

त्यांच्याकडे नॉमिनेशन नसतं. पाच नावं आधी जाहीर करा, मग लिफाफा फोडा, असलं काही नाही. त्या वर्षात अमेरिकेत रिलीज झालेला कुठलाही सिनेमा चालतो. प्रत्येक सभासद एकेका कॅटेगरीत तीन नावं लिहितो, पहिल्याला ३ पॉइंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. जिंकायला दोन अटी, पॉइंट सगळ्यात जास्त हवेत आणि शिवाय निम्म्याहून जास्त मतपत्रिकांवर नाव हवं. ही दुसरी अट महत्त्वाची. पंधरा-वीस जणांच्या टोळीने ठरवून एकालाच ३ दिले तरी बाकीच्यांच्या कागदावर ते नाव नसेल तर अडकतं. म्हणजे अधांतरींच्या पॉलेट्सचा बंदोबस्त म्हणा हवं तर.

पहिल्या फेरीत कुणी बसलं नाही तर दुसरी फेरी, आणि जे बैठकीला आले नाहीत, ज्यांनी मतं आधी पाठवून दिली होती, त्यांची मतं पहिल्या फेरीनंतर बाद. खोलीत असाल तर मत. आणि शेवटी कुणाला किती पॉइंट पडले, दुसरा कोण तिसरा कोण, हे सगळं आकड्यांसकट जाहीर करतात. ऑस्करवाले आकडा कधीच सांगत नाहीत.

आता मजा. २०१४ सालचा निकाल, बेस्ट फिल्म: गोदारचा 'गुडबाय टू लँग्वेज' २५ पॉइंट, लिंकलेटरचा 'बॉयहूड' २४. एका पॉइंटने! आणि साठेक सभासद आहेत असं धरलं तर सगळ्यांचे मिळून एका कॅटेगरीत ६० गुणिले ६ म्हणजे ३६० पॉइंट व्हायला पाहिजेत, आणि जिंकणारा २५ वर? मतं कितीही विखुरली तरी निम्म्या मतपत्रिकांवर नाव असलेला सिनेमा २५ वर थांबणार नाही. तेव्हा माझा आपला हिशोब असा की शेवटच्या फेरीपर्यंत खोलीत फार थोडी माणसं उरली असणार. जेवून घरी गेलेल्या कुणीतरी निकाल फिरवला.

हडपसरची_हिरकणी | ५ जानेवारी, ७.०५

म्हणजे हाउसिंग सोसायटीच्या एजीएमसारखंच की. जे शेवटपर्यंत बसतात त्यांच्याच मनाप्रमाणे पार्किंग ठरतं.

गणिती | ५ जानेवारी, ७.११

अगदी. पण त्याच वर्षी बेस्ट डायरेक्टर मात्र लिंकलेटरलाच दिलं. बारा वर्षं एकाच पोराला घेऊन शूटिंग करणारा माणूस रिकाम्या हाताने नाही गेला.

शेवटची_कसारा | ५ जानेवारी, रात्री १०.४७

इथे फक्त वाचत असतो, लिहीत नाही, पण गणितींचं वाचून राहवलं नाही कारण आमच्याकडे हेच झालंय, शब्दशः.

आमचा ठाण्यात एक छोटा फिल्म क्लब आहे, महिन्यातून दोन सिनेमे, एका मित्राच्या क्लासच्या हॉलमध्ये पडदा लावून. वर्षाच्या शेवटी आपला आवडता निवडायचा. आधी नुसते हात वर करायचो, त्यात व्हायचं काय की जो आधी जोरात बोलेल त्याच्या मागे हात. दोन वर्षांपूर्वी मी या सोसायटीबद्दल वाचलं होतं आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं आपण पण तसंच करू, चिठ्ठ्या, तीन-दोन-एक, निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर नाव पाहिजे, सगळं तस्सं. १४ जण होतो. सिनेमांची नावं नाही लिहीत, उगाच इथे दुसरी भांडणं लागतील, एकाला 'क' म्हणतो दुसऱ्याला 'ख'.

'क' सात जणांचा पहिला नंबर, म्हणजे २१ पॉइंट. बाकी सात जणांच्या चिठ्ठीत तो औषधालाही नाही. वेडे तरी व्हा नाहीतर तिटकारा तरी करा असला सिनेमा. 'ख' फक्त दोघांचा पहिला, सहा जणांचा दुसरा, दोघांचा तिसरा. बेरीज २०, पण नाव दहा चिठ्ठ्यांवर. तर पॉइंटवर 'क' पुढे आणि नाव बरोब्बर निम्म्यावर, निम्म्याहून जास्त नाही. एक चिठ्ठी कमी पडली. नियम माझाच, मीच म्हटलं दुसरी फेरी.

तोपर्यंत वाजले होते पावणेबारा. तिघेजण उठले, शेवटची कसारा लोकल सुटेल म्हणाले, त्यांना आसनगावला जायचं असतं, आणि तिघेही 'क'वाले! मी म्हटलं चिठ्ठी लिहून ठेवून जा, तर दुसऱ्याने माझाच नियम माझ्या तोंडावर मारला, खोलीत असाल तर मत. उरलो ११. दुसऱ्या फेरीत 'ख' २४ आणि 'क' १४. अकराच्या अकरा चिठ्ठ्यांवर 'ख'. झाला वर्षातला सर्वोत्तम. एकमताने म्हटलं तरी चालेल.

ते तिघे तीन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. एकजण तर अजून मला 'क्राउदर' म्हणतो, म्हणजे ही गोष्ट मीच त्याला सांगितलेली. पण एक सांगतो, चिठ्ठ्या मोजून आकडे फळ्यावर लिहिले होते ना, त्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता, त्यामुळे चोरी झाली असं कुणी म्हटलं नाही. रेल्वेला शिव्या दिल्या. आधी हात वर करायचो तेव्हा दर वर्षी चोरी झाली असंच वाटायचं सगळ्यांना.

मधली_सुट्टी | ५ जानेवारी, १०.५८

हसून हसून पुरेवाट. आयडीचा उलगडा पण झाला.

गणिती | ५ जानेवारी, ११.२०

कसारासाहेब, सुंदर उदाहरण. ज्याच्यावर निम्मे लोक जीव टाकतात तो, की जो सगळ्यांना बऱ्यापैकी आवडतो तो, यातलं 'सर्वोत्तम' काय, हे कुठलंही गणित ठरवू शकत नाही. गणित फक्त आधी सांगतं की आम्ही कुठल्या बाजूला झुकणार आहोत. सोसायटी थोडी दुसऱ्या बाजूला झुकते. तरीही गोदार निवडून येतो हे विशेष.

रिकामटेकडा | ६ जानेवारी, सकाळी १०.०२

चला, गोल्डन ग्लोबचा निकाल आला. पायल बेस्ट डायरेक्टरसाठी नॉमिनेटेड होती, नाही मिळालं. फॉरेन फिल्मचं पण नाही. खऱ्या जगाने उत्तर दिलं.

अधांतरी | ६ जानेवारी, १०.४०

खरं जग? रिका, ग्लोब देणारी जी मूळ परदेशी पत्रकारांची संघटना होती तिचं २०२१ ला काय झालं वाचा. जेमतेम ८७ सभासद, त्यात एकही काळा माणूस नाही, वर पाहुणचार आणि फुकट दौऱ्यांच्या बातम्या. चॅनेलने २०२२ चा सोहळा दाखवायला नकार दिला, २०२३ ला ती संघटनाच गुंडाळली, आता मालक वेगळे आणि मतदार वेगळे. मी काही सोसायटीचा वकील नाही, पण पार्टी, रेड कार्पेट, टीव्हीचे हक्क हे सगळं आलं की त्याच्या मागून बाकीचं येतं. सोसायटीकडे सोहळाच नाही. जिंकणाऱ्याला एक सन्मानपत्र पाठवतात, भेंडोळी. बस.

हडपसरची_हिरकणी | ६ जानेवारी, १०.५२

भेंडोळी पोस्टाने येते? आणि पायलच्या घरी कुणी नसेल तर शेजारच्या काकूंकडे ठेवून जाणार?

अधांतरी | ६ जानेवारी, १०.५५

आणि काकू विचारणार, लग्नाची पत्रिका आहे का गं.

जुना_प्रोजेक्टर | ६ जानेवारी, दुपारी १२.३०

रिकामटेकडे यांचा मुद्दा मी सोडणार नाही, कारण तो दर वेळी येतो. समीक्षकांना लोकांचा सिनेमा कळत नाही म्हणे. १९८२ ला सोसायटीने बेस्ट फिल्म कुठली दिली? 'टूट्सी'. डस्टिन हॉफमन साडी नाही पण झगा नेसलाय, हसून हसून लोळायचं. १९९० 'गुडफेलाज', १९९४ 'पल्प फिक्शन'. आणि १९९५ ला? 'बेब'. डुकराचं पिल्लू आहे हो त्यात, मेंढ्या राखणारं. जगातल्या सगळ्या गंभीर सिनेमांना मागे टाकून डुकराच्या पिल्लाला वर्षाचा सर्वोत्तम सिनेमा म्हणण्याची हिंमत ऑस्करच्या बापाला झाली नाही.

ऑस्कर आणि ही सोसायटी बेस्ट फिल्मवर एकत्र आलेत असं फार थोड्या वेळा झालंय. १९६६ पासून २०२३ पर्यंत माझ्या मोजणीत नऊ वेळा. ॲनी हॉल, अनफरगिव्हन, शिंडलर्स लिस्ट, मिलियन डॉलर बेबी, हर्ट लॉकर, स्पॉटलाइट, मूनलाइट, पॅरासाइट, नोमॅडलँड. यातले चार २०१५ ते २०२० मधले आहेत हे बघा. म्हणजे सोसायटी काही ऑस्करकडे सरकली नाही, ऑस्करचे मतदार बदलत गेले, बाहेरच्या देशांतले सभासद वाढले. तेव्हा ऑस्कर मिळालं तर खरं, नाहीतर खोटं, हा हिशोब उलटा पण मांडता येतो.

रिकामटेकडा | ६ जानेवारी, १.१५

बेबचं माहीत नव्हतं. तो सिनेमा मला आवडतो. लहानपणी शंभरदा बघितलाय.

(माघार नाही, तात्पुरता युद्धविराम)

सातारी_ठेचा | ६ जानेवारी, ३.४०

ते सगळं ठीक, पण आपल्याकडच्या लोकांनी काय केलं ते कुणी बोलत नाही. कान महोत्सवात मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय सिनेमा गेला, १९९४ च्या शाजी करुण यांच्या 'स्वाहम'नंतर पहिला, तिथे ग्रां प्री हा दुसऱ्या नंबरचा पुरस्कार घेऊन आला, आणि ऑस्करला आपल्या फिल्म फेडरेशनने पाठवला 'लापता लेडीज'. तो डिसेंबरमध्ये आलेल्या ऑस्करच्या पंधरा सिनेमांच्या यादीत पण नाही आला. ज्या बाईला तिकडचे समीक्षक बेस्ट डायरेक्टर म्हणतात तिचा सिनेमा आपल्याला पाठवावासा वाटला नाही. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेचीच विद्यार्थिनी, २०१५ च्या १३९ दिवसांच्या संपात होती, त्याचं पण असेल काय माहीत.

कोकणकन्या | ६ जानेवारी, ४.०२

संपाचं उगाच नका जोडू, पुरावा नाही. आणि लापता लेडीज काही वाईट सिनेमा नाही, त्यातली मंजू माई पण छाया कदमच!! म्हणजे कुठलाही पाठवला असता तरी आमची बाई गेलीच असती 😄

सातारी_ठेचा | ६ जानेवारी, ४.१०

बरं, ते वाक्य मागे घेतो. पण बाकीचं नाही.

अधांतरी | ६ जानेवारी, ९.२५

ठेचा, त्यात फरक एवढाच की फेडरेशन एका देशाचा एक सिनेमा निवडते, त्यामुळे 'हा सिनेमा आपला शोभतो का' हा प्रश्न आपोआप येतो. समीक्षकांच्या मंडळाला तो प्रश्न नसतो. पॅरिसच्या निर्मात्याचे पैसे, मल्याळी संवाद, मुंबईतलं घर, रत्नागिरीचा समुद्र, त्यांना काय त्याचं, अमेरिकेत रिलीज झाला ना, मग मतपत्रिकेवर येऊ शकतो. इतकंच काय, ज्याला अमेरिकेत वितरकच मिळालेला नाही अशा सिनेमासाठी पण त्यांचं एक खास मानपत्र असतं, की हा अजून लागलेला नाही पण लागायला पाहिजे, कुणीतरी घ्या. आणि जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्यांना, हरवलेल्या प्रिंट शोधणाऱ्यांना हेरिटेज अवॉर्ड वेगळं. मला बेस्ट ॲक्टरपेक्षा ही दोन जास्त कामाची वाटतात.

मधली_सुट्टी | ७ जानेवारी, सकाळी ८.३०

आपल्याकडे अशी मंडळं नाहीत का मग? का सगळं फिल्मफेअरच?

जुना_प्रोजेक्टर | ७ जानेवारी, ९.१५

आहेत की. कोलकात्याची बेंगॉल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशन १९३७ सालची आहे, म्हणजे यांच्या सोसायटीची आजी शोभेल. फिप्रेसी या जागतिक समीक्षक संघटनेची भारतातली शाखा आहे, त्यांनी २०२२ मध्ये मतं घेऊन भारतातले सर्वोत्तम दहा सिनेमे काढले होते, पहिला 'पथेर पांचाली', दहावा 'शोले'. त्या दहांत मराठी एकही नाही, त्यावर तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन दिवस हातघाई चालली होती, ते परत काढत नाही. फिप्रेसीच्याच परदेशी ज्युरीने २०२० ला व्हेनिसमध्ये चैतन्य ताम्हाणेच्या 'द डिसायपल'ला बक्षीस दिलं, तो अख्खा मराठी. आणि २०१८ पासून फिल्म क्रिटिक्स गिल्ड आहे, त्यांचे क्रिटिक्स चॉइस अवॉर्ड्स असतात, सोहळ्यासकट.

मंडळांचा तुटवडा नाही हो. आकडे जाहीर करणारं, तुमच्या सिनेमाला ३१ पडले आणि त्याला ३२ असं तोंडावर सांगणारं मंडळ मला एक दाखवा. ते झालं तर पुढचं वर्षभर कोण कुणाच्या पार्टीला जाणार नाही, म्हणून होत नाही.

गणिती | ७ जानेवारी, १०.००

काकांशी सहमत. एक पुरवणी, आकडे जाहीर केले की समीक्षकावरही बंधन येतं. 'बॉयहूड' एका पॉइंटने हरला तेव्हा ज्याने तिसऱ्या नंबरला चेष्टेत कुठलं तरी नाव लिहिलं असेल, त्याला त्या रात्री झोप लागली असेल का?

शेवटची_कसारा | ७ जानेवारी, १०.२०

नाही लागली. (अनुभवाचे बोल. त्या रात्री 'ख'ला तिसरा नंबर देणारा मी होतो.)

रिकामटेकडा | ८ जानेवारी, रात्री ११.३८

हा सिनेमा हॉटस्टारवर आलाय ३ तारखेपासून. धाग्यात एवढी मारामारी केली म्हणून आज बघायला घेतला. मध्ये दोनदा फोन बघितला, खरं सांगतो. कुकरच्या सीनला नाही बघितला.

अजून गावाचा भाग बाकी आहे, उद्या बघतो. कोकणकन्याताई, शेवट सांगू नका.

कोकणकन्या | ८ जानेवारी, ११.४१

नाही सांगत. पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.